कपाटालाही कुलूप आहे

दार तिने उघडलं, आणि त्याच्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी घसरली ती त्याने कोपराने सावरली. बाकी काही झालं नाही. त्याच्या पुढे इन्स्पेक्टर साहेब होते, साहेबांच्या शेजारी घराचा मालक, मागे दोन शिपाई, आणि जिन्यात भर दुपारीही उजेड कमी होता, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग गणवेशांकडे, मग पिशवीकडे. “आणि हे कोण?” तिने विचारलं. “किल्लीवाले आहेत,” नवरा म्हणाला, पाहुण्याची ओळख करून द्यावी तसा. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर आली, थांबली नाही, आणि पुन्हा नवऱ्याकडे गेली. बावीस वर्षं झाली होती. तिचे कानांपाशीचे केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, पण डाव्या हाताचं मधलं बोट ती अजून अंगठ्याने चोळत होती, काळजीत असली की चोळायची तसं. त्याला तिचं बोटसुद्धा आठवत होतं आणि तिला त्याचा अख्खा चेहरा आठवत नव्हता. आधी त्याला लाज वाटली, मग राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं.

त्याचं दुकान म्हणजे औषधांचं दुकान आणि जिना यांच्यामधली साडेतीन फुटांची जागा. मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, पुढ्यात कानशी, तारा, एक जुनं घासायचं मशीन. लोक किल्ल्या हरवून यायचे, किल्ली आत ठेवून दार ओढून बसायचे, आणि तो जाऊन उघडून द्यायचा. वडिलांनी धंदा शिकवला तेव्हा एक नियम पहिल्या दिवशी सांगितला होता, की दार उघडलं की दोन पावलं मागे. आत बघायचं नाही. ज्याचं घर त्याला आधी आत जाऊ द्यायचं. तो हा नियम इतका पाळायचा की शेकडो दारं उघडूनही त्याला माणसांची घरं फारशी ठाऊक नव्हती, फक्त उंबरे ठाऊक होते. महिन्यातून एकदोनदा पोलीस न्यायचे. साहेब त्याला उस्ताद म्हणत, आणि हे त्याला आवडायचं, घरी बायकोला तो हे दर वेळी सांगायचा आणि ती दर वेळी म्हणायची, “मग उस्तादांचा पगार सुरू करायला सांगा.” त्या दिवशी सकाळी साहेब आले आणि म्हणाले, “उस्ताद, पिशवी घ्या. घड्याळांचं दुकान आहे.” शहरात घड्याळांची दुकानं काय थोडी होती. पण गाडी वाचनालयावरून डावीकडे वळली तेव्हा त्याला कळलं, हे कोणतं दुकान. ती गल्ली तो टाळायचा. पोस्टात जायचं असलं तरी लांबून जायचा.

दुकानात त्याला काहीच काम पडलं नाही. घड्याळजीने सगळे खण स्वतः उघडून दिले. त्याआधी साहेबांनी दाखवलेला झडतीचा कागद त्याने डोळ्याला भिंग लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला, तेव्हा एक शिपाई हसला. “यात दुकान लिहिलंय,” घड्याळजी म्हणाला. “मग दुकानच बघतोय ना,” साहेब म्हणाले. पट्टे निघाले, स्प्रिंगा निघाल्या, बंद पडलेली आणि मालक न आलेली घड्याळं निघाली, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. चोरीचा माल म्हणून जी यादी साहेबांच्या खिशात होती त्यातलं एकही नाही. साहेबांनी रुमालाने मान पुसली. “वर घर ना तुमचं? पाणी तरी पाजा.” घड्याळजी म्हणाला, “पाणी पाजतो. झडती नाही.” आणि हसला. ते हसणं किल्लीवाल्याच्या डोक्यात गेलं. दुकानात पोलीस उभे आहेत, रस्त्यावर लोक जमलेत, आणि या माणसाला हसू येतं. तेव्हाही असाच हसायचा.

तेव्हा म्हणजे किल्लीवाला आणि ती एकाच इमारतीत राहायचे तेव्हा. ती तीन बहिणींतली शेवटची, म्हणून सगळी इमारत तिला धाकटीच म्हणायची. तो वीस वर्षांचा, वडिलांच्या मागे पिशवी घेऊन फिरणारा. एकदा ती त्याच्याकडे एक डायरी घेऊन आली. डायरीला लहानसं पितळी कुलूप होतं, किल्ली हरवली होती. त्याने केसांच्या आकड्याने ते क्षणात उघडलं. “वाचू नको हं,” ती म्हणाली, आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवून डायरी मागच्या मागे तिच्या हातात दिली. “तू फार चांगला आहेस,” ती म्हणाली. या एका वाक्यावर तो पुढे कित्येक महिने जगला. त्या डायरीत आपलं नाव असेल, नसलं तरी कुठेतरी एखाद्या ओळीत आपण असू, असं त्याला वाटायचं. त्याच वर्षी तिच्या वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं आणि दुरुस्तीला हा घड्याळजी आला, काडीसारखा, मोठ्या कानांचा. वर्तमानपत्र पसरून घड्याळाचे भाग त्याच्यावर मांडायचा आणि काहीबाही विनोद सांगायचा. तिन्ही बहिणी हसायच्या, धाकटी सगळ्यांत उशिरापर्यंत. त्या घड्याळाला तीन खेपा लागल्या. भिंतीवरच्या घड्याळाला तीन खेपा लागत नाहीत हे त्याला, दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला, कळत होतं. पण सांगणार कुणाला. लग्नात तो जेवला. वाढप्यांना मदतही केली. आणि नंतर बावीस वर्षं, म्हणजे स्वतःचं लग्न होऊन, मुलगी होऊन, ती परगावी शिकायला जाऊनसुद्धा, त्याला मधूनच ती डायरी आठवायची आणि पस्तावा व्हायचा. वाचली असती तर कळलं तरी असतं. चांगलं वागून त्याच्या हाती काय लागलं, तर चांगला हा शब्द.

आता तो तिच्या घरात उभा होता आणि मागे जायची दोन पावलं त्याने घेतली नव्हती. साहेब पाणी पीत होते. एक शिपाई सहज म्हणून खुर्चीवरची उशी उचलून बघत होता, दुसरा खिडकीतल्या डब्यांची झाकणं. त्याने बघायला सुरुवात केली आणि मग त्याला थांबता येईना. चौकटीवर पेन्सिलीने त्यांच्या मुलीची उंची मांडलेली होती, खालपासून वरपर्यंत, प्रत्येक रेघेपाशी वर्ष. एका खुर्चीच्या पाठीला शिवलेली लहान गादी होती. म्हणजे त्याची पाठ दुखते आणि तिने ती शिवली. टेबलावर दोन कप, एकात थोडा चहा उरलेला, दुसरा रिकामा पहिल्याच्या बशीत ठेवलेला. यांच्यातलं कोण दुसऱ्याचा कप उचलतं? आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून पलंगाचा कोपरा दिसत होता, दोन उशा, एकीवर पुस्तक पालथं घातलेलं. त्यांच्या पलीकडे लाकडी कपाट. कपाटाला कुलूप. साहेबांनी पेला खाली ठेवला, शिपायांना खूण केली, आणि आता हे सगळे खाली उतरणार, हे दार बंद होणार, आणि आत हे दोघं पुन्हा आपापले कप उचलणार, असं त्याच्या मनात आलं. तेव्हा त्याला आपलाच आवाज ऐकू आला. “साहेब, आतल्या खोलीत कपाट आहे. त्यालाही कुलूप आहे.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तीसुद्धा. साहेब म्हणाले, “किल्ली द्या.” घड्याळजी म्हणाला, “कागद द्या.” तो आता हसत नव्हता. “दुकानाचा कागद दुकानाला झाला. माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या कागदाशिवाय कपाट उघडता येत नाही, साहेब. हे तुम्हाला मी सांगायला नको.” साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मित्रासारखा, आणि त्याला बाजूला सरकवलं. “उस्ताद,” ते म्हणाले. किल्लीवाला कपाटापुढे गुडघ्यावर बसला. कुलूप साधं होतं, तीन लिव्हरचं, डोळे मिटून उघडलं असतं. त्याने वेळ लावला. तार घातली, काढली, पुन्हा घातली. मागे घड्याळजी म्हणत होता, “नाही म्हणतोय मी. ऐकताय ना सगळे? मी नाही म्हणतोय.” त्याने दार उघडलं. कपड्यांचा, साबणाचा, जुन्या लाकडाचा वास आला. शिपायाने घड्या उपसायला सुरुवात केली आणि एक निळी लोकरीची शाल खाली पडायला लागली, ती किल्लीवाल्याने झेलली आणि धरून ठेवली, गरज होती त्यापेक्षा जास्त वेळ. तळाशी, तिच्याच कपड्यांखाली, फडक्यात बांधलेली अकरा घड्याळं निघाली. साहेबांनी खिशातली यादी काढली. किल्लीवाल्याला आनंद झाला. हे नंतर त्याने स्वतःपासून लपवायचा खूप प्रयत्न केला, पण झाला होता.

पुढचं सगळं स्वयंपाकघरात झालं. साहेबांनी घड्याळजीला स्टुलावर बसवलं आणि कागद पेन पुढे ठेवलं. “माझा वकील येईपर्यंत मी काही बोलणार नाही,” घड्याळजी म्हणाला. “बोलू नका. लिहा.” “लिहिणारही नाही. तो माझा हक्क आहे.” साहेबांना घाई नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती ओट्याला टेकून उभी होती. “हक्क आहेच. पण मग असं आहे, की माल निघाला बाईंच्या कपड्यांखालून. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर मला त्यांनाही न्यावं लागेल. आत्ताच. त्यांचा वकील नंतर येईल.” किल्लीवाला दाराशी उभा होता. त्याने घड्याळजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आता हा काय करतो म्हणून, आणि त्याला वाटलं होतं की तो निदान एक क्षण घेईल. हिशेब करील, बायकोकडे बघेल, आवंढा गिळेल. घड्याळजीने पेन उचललं आणि लिहायला लागला. ही घड्याळं एका गिऱ्हाइकाने ठेवायला दिली, ती चोरीची असावीत असा मला संशय होता, माझ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. साहेब सांगत होते तसं तो लिहीत होता, फक्त शेवटचं वाक्य त्याने स्वतःहून लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. “अहो, नका लिहू,” ती म्हणाली. तो म्हणाला, “चहा ठेव.” ते बघताना किल्लीवाल्याला जे वाटलं तसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं; पलंगावरच्या उशा बघूनही नाही. हा माणूस एका दमात स्वतःला देऊन टाकतो, आणि देताना त्याला काही जड जात नाही. आपल्यावर अशी वेळ आली असती तर आपण पेन उचललं असतं का, कुणासाठी, हे त्याला सांगता येईना. मग साहेबांनी पंचनामा त्याच्यापुढे धरला. त्यात लिहिलं होतं, की आरोपीने कपाट स्वतः उघडून दिलं आणि जबाब स्वखुशीने लिहिला. त्याने वाचलं आणि पंच म्हणून सही केली.

नंतरचे दिवस तो वेगळ्याच उत्साहात होता. घड्याळजी कोठडीत होता, जामीन मिळत नव्हता. किल्लीवाला पोस्टात जायला लागला, रोज, वाचनालयावरून डावीकडे. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं दुकान बंद असेल, तर ती स्वतः काउंटरमागे बसली होती, भिंग डोळ्याला लावून, एका म्हाताऱ्याच्या घड्याळाचं झाकण उघडत. हे तिला येतं? म्हणजे नवऱ्याने शिकवलं. बावीस वर्षांत कधीतरी दोघं शेजारी बसले असतील, डोक्याला डोकं लावून, एकाच घड्याळावर. तो तसाच पुढे गेला आणि पाकीट न घेता पोस्टातून परत आला. घरी बायकोने विचारलं, “तब्येत बरी नाही का?” तो बरी आहे म्हणाला. बायको पलीकडच्या शाळेत शिवण शिकवायची. तिला टाक्यावरून कुणाचा हात आहे ते ओळखता यायचं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याला ती नजर सहन होईना. हिने तरी मला का विचारावं, असं त्याला वाटलं.

खटला उभा राहायच्या आठवडाभर आधी धाकटी त्याच्या दुकानात आली. सकाळची वेळ, औषधवाला अजून शटर वर करत होता. तिने पिशवीतून कपाटाचं कुलूप काढून फळीवर ठेवलं. “याला किल्ली करून दे. तुझ्या तारेने आतलं काहीतरी वाकलंय, आमची किल्ली आता लागत नाही.” ती त्याला ‘तू’ म्हणाली. त्याच्या हातातली कानस थांबली. “ओळखलंस?” “त्याच दिवशी ओळखलं होतं, दारात. मुद्दाम दाखवलं नाही. म्हटलं, पोलिसांबरोबर आलाय, ओळख निघाली तर तुला अवघड होईल.” तो कुलूप हातात घेऊन बघायला लागला, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याला वाटलं आता ती रडेल, हात जोडेल, आणि मग आपण काय करायचं ते आपण ठरवू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं काहीतरी त्याच्या हातात होतं. पण ती तशीच उभी राहिली, फळीला बोट लावून. “तुला साक्षीला बोलावलंय ना?” तिनेच विचारलं. “हो.” “आमच्या वकीलबाई म्हणाल्या, तुला भेटायचं नाही, काही सांगायचं नाही. म्हणून मी किल्लीसाठी आलेय.” “तो चोर आहे का?” त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला आपल्या आवाजातली आशा ऐकू आली. ती म्हणाली, “त्याला संशय आला होता. त्याने विचारलं नाही गिऱ्हाइकाला, आणि ठेवून घेतली. ती त्याची चूक आहे, त्यावरून घरी मी त्याला ऐकवल्याशिवाय राहणार नाही. पण ते माझ्या घरातलं. तू जे पाहिलंस तेवढंच तू सांग.” “आणि नाही सांगितलं तर?” “तर नाही. किल्ली कधी मिळेल?” तो म्हणाला, “आत्ता देतो.” ती थांबली तेवढ्या वेळात त्याने किल्ली घासली. आयुष्यातली सगळ्यांत वाईट किल्ली ती. दोनदा खाच चुकली. तिने आभार मानले आणि गेली. ती भीक मागायला आली नव्हती, हे त्याला दिवसभर सलत राहिलं. नवऱ्यासाठीसुद्धा ती त्याच्यापुढे वाकली नाही, म्हणजे त्याच्याशी आपलं काही देणंघेणं आहे असं तिला वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सहजच. दुकानाच्या फळीवर कोपर टेकून म्हणाले, “उस्ताद, सही तुमची आहे हं. कोर्टात उलट बोललात तर खोट्या पंचनाम्यावर सही केल्याचा गुन्हा तुमच्यावर येईल, माझ्यावर नाही. मी आपलं आठवण करायला आलो.” ते गेल्यावर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. आता तर काही करायचंच नव्हतं. काही न करता तो माणूस आत जाणार होता, दोन वर्षं, कदाचित तीन. ठरलंच ते. आणि मग पुढचे पाच दिवस त्याला झोप लागेना, कारण डोळे मिटले की धाकटी दिसायची नाही, घड्याळजी दिसायचा, स्टुलावर वाकून लिहिताना. रेघ मारताना. त्या रेघेचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. तो आत गेला तरी ती रेघ राहणारच होती. तो आत गेला तर उलट ती रेघ रोज ठळक होणार, आणि धाकटी ते भिंग डोळ्याला लावून वाट बघत बसणार.

कोर्टाची खोली त्याला वाटली होती त्यापेक्षा लहान होती, शाळेच्या वर्गासारखी. घड्याळजी कठड्यात, वाळलेला. धाकटी मागच्या बाकावर. साहेबांनी आधी साक्ष दिली, सफाईने. मग किल्लीवाल्याला साक्षीला उभं केलं, आणि घड्याळजीच्या बाजूची वकीलबाई उठली, सत्तरीची, हातात काठी. ती त्याला म्हणाली, “मला फक्त चार गोष्टी विचारायच्यात. कपाट कुणी उघडलं?” त्याने तोंड उघडलं तेव्हाही आपण काय बोलणार आहोत ते त्याला माहीत नव्हतं. “मी,” तो म्हणाला. साहेबांनी मान वर केली. “घराच्या झडतीचा कागद होता?” “नव्हता. दुकानाचा होता.” “मालकाने परवानगी दिली?” “नाही. तो नाही नाही म्हणत होता. मी तार घातली तेव्हाही म्हणत होता.” “आणि जबाब?” त्याने स्वयंपाकघरातलं सगळं सांगितलं, वकील येऊ दे म्हटल्याचं, बाईंनाही नेऊ म्हटल्याचं, चहा ठेव म्हटल्याचंसुद्धा. सरकारी वकील ताडकन उठला. “पंचनाम्यावर सही तुमची आहे? मग तेव्हा खोटं बोलत होतात की आता बोलताय?” न्यायाधीशांनी हात वर केला. बारीक आवाजाचा माणूस होता तो. “थांबा. साक्षीदार, समजून घ्या. ज्या उत्तराने तुम्ही स्वतः गुन्ह्यात सापडाल, ते देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. हा हक्क फक्त आरोपीचा नाही. तुम्ही गप्प राहिलात तर मी त्याचा वाईट अर्थ काढणार नाही.” त्याला नवल वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाने त्याला विचारलं आणि वर सांगितलं, नाही सांगितलंस तरी चालेल. त्या क्षणी त्याला ते स्वयंपाकघर आठवलं, तिथे हे कुणीच कुणाला म्हटलं नव्हतं. “सही खोटी होती,” तो म्हणाला. “आता सांगतोय ते खरं.”

सरकारी वकील खाली बसला नाही. “मग एवढं सांगा. कपाट आतल्या खोलीत होतं. साहेबांना त्याचं कुणी सांगितलं?” “मी.” “का? तुमचा काय संबंध?” धाकटी मधलं बोट चोळत होती आणि थेट त्याच्याकडे बघत होती. त्याच्याकडे उत्तर होतं. इतके दिवस ते तयार झालं होतं, छातीत, जवळजवळ शब्द न् शब्द, आणि आता ते सांगून टाकावं असं त्याला इतकं वाटलं की त्याने कठडा धरला. तिच्यासमोर, त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर. वकीलबाई काठी टेकत उठली. “हरकत आहे. कारण काहीही असो. कुणी हेव्याने सांगितलं, कुणी चांगुलपणाने सांगितलं, कागद नव्हता तो नव्हता. दार बंद ठेवायचा हक्क सांगणाऱ्याच्या मनावर अवलंबून नाही.” न्यायाधीश म्हणाले, “बरोबर आहे. उत्तराची गरज नाही. खाली उतरा.” आणि तो उतरला, तोंड अर्धवट उघडं ठेवून. त्याच्या बावीस वर्षांची कुणाला गरज नव्हती. ती कामकाजाच्या बाहेरची होती.

दुपारनंतर न्यायाधीशांनी सांगितलं, की बेकायदा उघडलेल्या कपाटातला माल आणि धाक घालून लिहून घेतलेला जबाब, दोन्ही पुरावे म्हणून विचारात घेता येणार नाहीत, आणि ते काढले तर मागे काही उरत नाही. “घड्याळं चोरीची होती की नाही,” ते म्हणाले, “हे विचारायचा मार्ग पोलिसांनीच बंद केला आहे. ती ज्यांची असतील त्यांच्यावर हा अन्यायच आहे, आणि त्याची मला खंत आहे. आरोपीला सोडून द्या.” किल्लीवाल्याच्या खोट्या सहीचं पुढे बघू म्हणाले. साहेब त्याच्या अंगावरून गेले. पोलिसांकडून मिळणारं काम आता संपलं, हे त्याला त्यांच्या चालीवरून कळलं.

बाहेरच्या व्हरांड्यात घड्याळजी त्याच्यापाशी आला. जवळून तो म्हातारा दिसत होता. त्याने हात पुढे केला आणि किल्लीवाल्याने तो धरला, काय करावं न सुचून. “का सांगितलंत कपाटाचं, ते मला कळलं,” घड्याळजी हळूच म्हणाला. “मला तुम्ही कोण ते तिने त्याच दिवशी सांगितलं. तुमचं नाव आमच्या घरात पहिल्यापासून आहे. लग्नाआधी तिने मला सांगितलं होतं, एका मुलाने माझी डायरी न वाचता परत दिली. मी म्हटलं, मी असतो तर वाचली असती. झालं. तेव्हापासून मी काही उचकापाचक केली, तिची पत्रं फोडली, फोनवर कान दिला, की ती म्हणते, तो मुलगा बघ. बावीस वर्षं ऐकतोय. एक वेळ अशी होती की मला तुमचं तोंड बघायचं नव्हतं.” आणि तो हसला, तसाच, पण हसू मध्येच विरलं. “आता मात्र ती मला तुमचं नाव सांगणार नाही. कपाट उघडलंत ना.” मग तो वळला आणि पायऱ्यांवर थांबलेल्या धाकटीकडे गेला. तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. एकदाही मागे पाहिलं नाही. किल्लीवाला तिथेच उभा राहिला. इतकी वर्षं त्या घरात त्याची एक जागा होती, चांगली, उजेडाची, आणि ती त्याला माहीत नव्हती. आणि ज्या दिवशी तो खरोखर त्या घरात शिरला त्या दिवशी ती गेली.

तो घरी पोचला तेव्हा संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत होतं. बायको जमिनीवर बसून पडद्याचं कापड मापत होती. “काय झालं?” तिने विचारलं. त्याने सांगितलं. खटला, सही, न्यायाधीश, सगळं, आणि सांगता सांगता तो ‘का’ या शब्दापाशी आला. तिथे थांबता आलं असतं. ती काही विचारत नव्हती, टेप धरून बसली होती. तो खाली तिच्यासमोर बसला आणि त्याने सांगायला सुरुवात केली, डायरीपासून. ऊन खिडकीतून कापडावर आलं आणि कापडावरून सरकलं. त्याचं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, “घर कसं होतं तिचं?” “घर?” “नीट सांगा. तुम्ही पाहिलंत ना सगळं.” त्याने चौकटीवरच्या रेघा सांगितल्या, खुर्चीची गादी सांगितली. “हाताने शिवलेली का मशीनवर?” “हाताने.” “टाके कसे होते?” “बारीक.” ती टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. “आणि कपाटात?” “घड्याळं.” “आणि?” तो म्हणाला, “एक शाल होती. निळी. ती पडत होती, मी धरली.” “लगेच ठेवलीत?” “नाही.” तिने टेप सोडून दिली. त्याला वाटलं की आता ती उठेल, स्वयंपाकाला लागेल, आणि हे इथे संपेल. ती उठली खरी. कोनाड्यातून तिने स्वतःचं मनगटी घड्याळ काढलं, जुनं, पट्टा एका बाजूने तुटलेला, आणि पर्समध्ये टाकलं. “उद्या याचा पट्टा बदलून आणते,” ती म्हणाली. “त्यांच्याच दुकानातून.” तो म्हणाला, “पट्टा इथे कोपऱ्यावरही मिळतो.” “मिळतो ना,” ती म्हणाली, आणि पर्सची चेन लावली. “मी तिथेच जाणार आहे.”